पोटॅशचं पीक

परत येऊन आठवडा झाला तरी डिटेक्टरच्या पेटीला आमचुराचा वास येतोय. का, ते तिसऱ्या दिवसात येईल.

आधी पेटीबद्दल थोडं. आम्ही चार-पाच जण एका छोट्या विद्यार्थी-उपग्रहासाठी गॅमा किरण टिपणारा डिटेक्टर बनवतोय. आत सीझियम आयोडाइडचा, थॅलियम मिसळलेला स्फटिक आहे. पाच बाय पाच सेंटिमीटर, जाडी अडीच. दिसायला साबणाची वडी, पण हातात घेतला की पाव किलोहून जड. गॅमा किरण आत शिरला की स्फटिक क्षणभर चमकतो आणि मागे चिकटवलेला सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक ती चमक मोजतो. चमक मोठी, म्हणजे किरणाची ऊर्जा जास्त. ऊर्जेप्रमाणे १०२४ चॅनेलमध्ये वाटणी होते आणि लॅपटॉपवर आलेख उभा राहतो.

पुण्यातल्या एसी खोलीत हे यंत्र शहाण्या बाळासारखं वागतं. पण पृथ्वीजवळचा उपग्रह दीड तासात एक फेरी मारतो, म्हणजे दर दीड तासाला ऊन आणि सावली. यंत्र तापवून-गारवून तपासायच्या थर्मल चेंबरचा नंबर लागायला अजून महिना होता. सर म्हणाले, "तोवर कुठंतरी चांगलं तापवून आणा." मे महिना होता आणि माझं आजोळ जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळ. यापेक्षा चांगलं तापणारं ठिकाण मला तरी माहीत नाही.

दिवस पहिला : सावदा

रात्रीच्या गाडीनं भुसावळ, तिथून मामाची पिकअप. सोबत आमचा फर्मवेअर लिहिणारा ज्युनियर. हा जन्मानं कोकणातला, त्यानं आयुष्यात चाळीसच्या वरचा पारा पाहिलेला नव्हता. सकाळी नऊला स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि म्हणाला, "ताई, कोणी तरी ओव्हनचं दार उघडं ठेवलंय."

आमची एक अडचण होती. ऊर्जेचं मोजमाप लावायला ओळखीचा किरणोत्सारी सोर्स लागतो. लॅबमधला सीझियमचा सोर्स पिशवीत टाकून रेल्वेनं न्यायची वस्तू नव्हे. त्यामुळे निसर्गात मिळेल त्यावर भागवायचं होतं. सगळ्यात सोयीचं पोटॅशियम. निसर्गातल्या पोटॅशियमचा ०.०११७ टक्के भाग पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार असतो, आणि त्यातून १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो. आता केळीत पोटॅशियम असतं हे शाळेतलं पोरही सांगेल, आणि आम्ही केळीच्या पंढरीत आलेलो. ज्युनियरनं रेल्वेतच हिशेब केला होता: शंभर ग्रॅम केळ्यात सेकंदाला साधारण अकरा विघटनं.

म्हणून पहिला प्रयोग केळ्याच्या ट्रकवर. बागेच्या बांधावर, शेवरीच्या कुंपणाच्या सावलीत ट्रक भरत होता. आम्ही घडांच्या मधोमध डिटेक्टर ठेवला, वर केळीची पानं, अर्धा तास मोजणी. मोजणी वाढली नाहीच, उलट बाहेरच्यापेक्षा कमी आली!

दहा मिनिटं वायर तपासण्यात गेली. मग डोक्यात प्रकाश पडला. किलोभर मातीत किलोभर केळ्यापेक्षा पोटॅशियम जास्त असतं, शिवाय थोडं युरेनियम-थोरियमही. केळं म्हणजे बहुतेक पाणीच. ट्रकभर केळी जमिनीतून येणारे किरण अडवून धरत होती. किरणोत्सारी फळ म्हणून ज्याची एवढी चर्चा, ते इथं चक्क ढाल झालं होतं.

जेवताना मामानं विचारलं, "मग तुले नेमकं काय पाह्यजे?"

"पोटॅशियम असलेलं काहीही, मामा. पण भरपूर."

"पोटॅश पाह्यजे? शेडमधी गोण्याच पडेल आहेत की."

मी घास हातात धरून बसले. केळीला ठिबकमधून सोडायचा पोटॅश! पन्नास किलोच्या गोणीत सुमारे पंचवीस किलो पोटॅशियम. त्यात पोटॅशियम-४० जेमतेम तीन ग्रॅम, पण त्या तीन ग्रॅममधून सेकंदाला ऐंशी हजारांच्या घरात गॅमा किरण बाहेर पडतात. शेडमध्ये गोणीला टेकवून डिटेक्टर ठेवला आणि पाच मिनिटांत ४९८व्या चॅनेलवर सुरेख टेकडी उभी राहिली.

"पीक आलं! ताई, पीक आलं!" ज्युनियर ओरडला.

मामी स्वयंपाकघरातून धावत आली. "कसाचं पीक?"

तिला समजावलं, की आलेखातल्या उंचवट्याला आम्ही पीक म्हणतो. तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "एवढंसं?"

खरी गंमत पुढे झाली. मामाकडे दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या गोण्या होत्या. दुसऱ्या लॉटची गोणी त्याच जागी, तेवढ्याच वेळ ठेवली, तर टेकडी निम्मीसुद्धा नव्हती. तिसऱ्यांदा अदलाबदल करून पाहिलं, तेच. मामा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं गोणीवरची शिलाई बोटानं चाचपली आणि विचारलं, "हे मशीन खोटं तर नही बोलत?" मी म्हटलं, एकाच पेटीनं दोन्ही मोजल्यात, एकीशी खरं आणि दुसरीशी खोटं कशाला बोलेल?

एका ऊर्जेवर मोजपट्टी लागत नाही, किमान दोन हव्यात. दुसरी मामीनं काढून दिली. माळ्यावर लग्नाच्या वरातीतली जुनी गॅसबत्ती होती आणि तिच्यासोबत न वापरलेल्या जाळ्यांची दोन पाकिटं. जुन्या जाळ्यांत थोरियम असायचं. विशेष म्हणजे जाळी जितकी जुनी तितकी आमच्या कामाची, कारण शुद्ध केलेल्या थोरियमची पिलावळ, म्हणजे त्याच्या विघटनातून बनणारी मूलद्रव्यं, पुन्हा तयार व्हायला काही दशकं लागतात. पाकीट रात्रभर डिटेक्टरजवळ ठेवलं, तर २३९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर ठळक आणि २६१५वर बारीकसा उंचवटा मिळाला. कुणाला करून पाहायचं असेल तर पाकीट फोडू नका. जाळीची भुकटी नाकात जाणं चांगलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच मोजा.

रात्री खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. त्या पोळीचा व्यास आमच्या पेटीच्या दुप्पट होता. ज्युनियरनं चार खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत उठला नाही, म्हणून त्या सकाळचा पहिला डेटा माझ्या एकटीचा आहे.

दिवस दुसरा : पत्र्याची शेड आणि रिवाइंडिंगचं दुकान

पहाटे साडेपाचला शेडमध्ये २९ अंश. पोटॅशचं पीक ४९८वर. दुपारी दोनला त्याच पत्र्याखाली ४६.

प्रकाशसंवेदक तापला की त्याची संकेत वाढवण्याची ताकद घटते, म्हणजे टेकडी डावीकडे सरकते. हे माहीत असल्यामुळे आम्ही एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा बारीक सेन्सर, बसवला होता. तापमान वाढेल तसा तो व्होल्टेज वाढवून घेतो आणि टेकडी जागेवर राहते. पुण्यात ती राहायची.

इथं साडेनऊला ऊन पत्र्यावर आलं आणि टेकडी चक्क उजवीकडे निघाली. ५०५, ५१४, ५२६. मग तासाभरानं हळूहळू परत ५००च्या आसपास. दुपारी पेटी घरात आणली, तर उलटा खेळ: आधी डावीकडे, मग जागेवर. ज्युनियरनं कोड तीनदा वाचला. सरांना फोन केला. सर म्हणाले, "कोड राहू दे, पेटी उघडा." पण उघडून सोल्डरिंग करायला बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न नव्हतं, म्हणून मामा सावद्यातल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात घेऊन गेला.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. जळक्या वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची भेंडोळी, भिंतीला उघड्या पडलेल्या सबमर्सिबल मोटरी. मालक साठीचे. त्यांनी डिटेक्टर काय आहे हे विचारलंच नाही. थर्मिस्टर कुठे आहे ते पाहिलं. तो पेटीच्या भिंतीलगत होता, कारण बोर्डावर तिथं जागा होती.

"हे इथं कामून लावलं?" त्यांनी विचारलं.

"जागा होती तिथं," ज्युनियर म्हणाला.

"मोटरच्या बॉडीवर हात ठेवला अन् गार लागली म्हणजे वाइंडिंग गार आहे, असं नही राहत. मोटर आतून जळते. आम्ही सेन्सर वाइंडिंगमधी ठेवतो."

झालं, निदान. भिंत पटकन तापत होती, स्फटिक आणि त्याच्या मागचा संवेदक तासभर मागे राहत होते. थर्मिस्टर बाहेरचं ऊन पाहून व्होल्टेज चढवत होता, आत अजून गारवा होता. लॅबमध्ये सगळंच एका तापमानाला असल्यामुळे हा दोष कधी दिसलाच नव्हता. आणि ही साधी गोष्ट नव्हे: कक्षेत दर दीड तासाला ऊन-सावली होणार, म्हणजे आमची मोजपट्टी जन्मभर एक तर पुढे नाही तर मागेच राहिली असती.

त्यांनी थर्मिस्टर काढला, केसाएवढ्या दोन तारा जोडल्या, प्रकाशसंवेदकाच्या पाठीला उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपनं चिकटवला आणि वर वाइंडिंगला बांधतात तसा दोरा बांधला. पैसे घेईनात. शेवटी चहावर तडजोड झाली.

संध्याकाळी परत शेडमध्ये. टेकडी ४९६ ते ५०१च्या मध्ये. उरली एकच तक्रार: गरमीत संवेदकाचा स्वतःचा कचरा-आवाज दर आठ-दहा अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण त्यात बुडतात. त्याला कोड नाही, गारवाच हवा. ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणाला, ज्यात १६,३८४ पिक्सेल आहेत, उष्णता अंतराळात फेकणारी वेगळी रेडिएटर प्लेट दिलेली आहे ती याचसाठी. आमच्या उपग्रहात तेवढी जागा कुठून आणायची हा वाद अजून चालू आहे.

रात्री गावातल्या ढाब्यावर शेवभाजी. "तिखट कमी" असं सांगितलं तर स्वयंपाक्यानं आमच्याकडे दयेनं पाहिलं.

मेमध्ये इकडे येणार असाल तर अकरा ते पाच घराबाहेर पडू नका. इलेक्ट्रॉनिक्स न्यायचं असेल तर थर्माकोलच्या पेटीत न्या, आणि लॅपटॉपची काळजी डिटेक्टरहून जास्त घ्या. आमचा लॅपटॉप दोनदा गरम होऊन बंद पडला, डिटेक्टर एकदाही नाही.

दिवस तिसरा : तोरणमाळ

पहाटे चारला निघालो. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा. उजव्या हाताला सातपुडा सतत सोबत. डोंगरावर जायचं कारण म्युऑन. वातावरणाच्या वरच्या थरात वैश्विक किरण आदळतात, त्यातून हे कण तयार होतात आणि सरळ आपल्या डोक्यातून आरपार जातात. सपाटीवर तळहातावरून दर मिनिटाला शंभरेक. स्फटिकातून एक म्युऑन गेला की चौदा-पंधरा मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडतो, आमची मोजपट्टी तीनलाच संपते. म्हणजे जे काही मोजपट्टीबाहेर पडतं ते बहुतेक म्युऑन. कक्षेत अशा कणांचा मारा कितीतरी जास्त असेल, तेव्हा ते ओळखून बाजूला काढता येतात का हे बघायचं होतं.

शहाद्याच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्यानं पेटीकडे बोट दाखवलं. "ह्या डबामा काय शे, ताई?"

"आकाशातून येणारे किरण मोजतो."

"मंग पानी कव्हय पडी, ते सांगस का?"

मी हसून नाही म्हटलं. हे उत्तर संध्याकाळपर्यंतच टिकलं.

शहाद्यानंतर पेट्रोलची खात्री धरू नका, तिथंच टाकी भरा. सातपायरी घाट उजेडातच चढा. रोख पैसे जवळ ठेवा, वर मोबाइलला रेंज कधी येते कधी जाते. मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत, आधी फोन करून जा.

घाटात पेटी चालूच ठेवली होती. दोन्ही बाजूंनी खडक कापलेला असला की मोजणी वाढायची, दरीची बाजू उघडी झाली की कमी. आलेखावर घाटाची वळणं मोजता येत होती. वाटेतल्या पाड्यांवर अंगणाअंगणात कैऱ्यांच्या फोडी वाळत होत्या. हा आमचुराचा हंगाम. आंबट वास गाडीत भरून राहिला.

वर साडेअकराशे मीटरवर हवा अशी, की ज्युनियरनं दोन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलायला सुरुवात केली. यशवंत तलावाच्या काठाला जरा पाय मोकळे केले आणि मुक्कामी मोजणी सुरू केली. सावद्याला मोजपट्टीबाहेरचे कण तासाला दीड हजारांच्या आसपास येत होते. इथं पहिले दोन तास सोळाशे ऐंशीच्या घरात. दीड हजारात नुसत्या योगायोगानं चाळीसेकचा फरक पडू शकतो, त्यामुळे हे एकशे ऐंशी खरेच. आम्ही खूश.

साडेपाचच्या सुमारास पश्चिमेकडून काळं आलं. शेजारच्या अंगणातली बाई काही तरी ओरडली. पावरी भाषा मला येत नाही, पण अर्थ कळला. सगळं घर फोडी गोळा करायला धावलं, आम्हीही. पहिले टपोरे थेंब पडेपर्यंत चार चटया रिकाम्या झाल्या. आडोसा कमी होता, म्हणून दोन टोपली आमच्या खोलीत आली आणि एक थेट डिटेक्टरच्या पेटीशेजारी. वासाचं कारण हे.

पाऊस वीसेक मिनिटं कोसळला. ओल्या कपड्यांनी आत आलो तर ज्युनियर लॅपटॉपसमोर ताठ बसलेला. मोजणी एक-तृतीयांशानं वर गेली होती आणि अजून चढत होती.

"ताई, बर्स्ट!"

त्याचा चेहरा पाहून लगेच नाही म्हणवेना. बर्स्ट म्हणजे दूर अंतराळातले गॅमा-किरण स्फोट. ते असेच दिसतात, अचानक चढ आणि मग उतार. पण आपल्या डोक्यावरचं वातावरण दहा मीटर पाण्याच्या थराएवढं जाड आहे. स्फोटाचे गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तर हे सगळं वर न्यायचा खटाटोप. आम्ही आलेख उघडला. वाढ ३५२ आणि ६०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर होती, म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४. मोजपट्टीबाहेरचे कण मात्र जसेच्या तसे.

जमिनीतून रेडॉन वायू सतत झिरपत असतो. त्याची पिलावळ हवेतल्या धुळीला चिकटून तरंगते, पाऊस ती धुऊन जमिनीवर आणतो. पाऊस थांबला आणि आलेख उतरू लागला, अर्ध्या तासात साधारण निम्मा, पुढच्या अर्ध्या तासात त्याच्याही निम्मा. शिसं आणि बिस्मथ या दोघांची अर्धायुष्यं, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, साधारण तेवढीच आहेत, एकाचं २७ मिनिटं आणि एकाचं २०.

टपरीवाल्याला सांगायला हवं, की पाऊस कधी पडेल ते नाही, पण पडला की हे यंत्र सांगतं.

पहिला गॅमा-किरण स्फोट २ जुलै १९६७ला अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी टिपला. ते सोडले होते चोरून केलेले अणुस्फोट पकडायला. हे पृथ्वीवरून नाही, सूर्यावरूनही नाही, याची खात्री करून छापायला १९७३ उजाडलं. आमच्या ज्युनियरनं "हा पाऊस आहे" हे मान्य करायला सव्वा तास घेतला, म्हणजे फारच लवकर.

रात्री दादरची भाकरी, उडदाची डाळ, लसणाचा ठेचा. फोडीवाल्या घरानं निघताना आमचुराची पुडी दिली.

दिवस चौथा : पाटणादेवी

परतीची गाडी चाळीसगावहून होती, हातात अर्धा दिवस होता, म्हणून पाटण. या दिवशी पेटी उघडली नाही. धबधबा आटलेला, जंगल पानगळीचं, मंदिरात आमच्याशिवाय चार माणसं.

इथल्या शिलालेखासाठी मी आले होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, त्याचा हा १२०७चा लेख. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि त्या ग्रहताऱ्यांबद्दल नाहीत: पाटणच्या बाजारातल्या विक्रीवरचा राजाचा वाटा मठाला द्यावा, असं त्यात आहे. खगोलशास्त्राला अनुदान, तेही दगडात कोरून! आमच्या मंजुरीच्या मेलची मला आठवण झाली.

ज्युनियरनं विचारलं, भास्कराचार्यांनी क्रॅबचा तारा, म्हणजे ज्याच्या स्फोटातून क्रॅब तेजोमेघ उरला तो, पाहिला असेल का. नाही. तो १०५४मध्ये फुटताना दिसला, भास्कराचार्य १११४चे. त्याच स्फोटाच्या अवशेषावर आज जगभरचे क्ष-किरण आणि गॅमा डिटेक्टर आपली मोजपट्टी लावून पाहतात. वर गेल्यावर आमचा डिटेक्टरही तेच करेल. तोवर पोटॅश.

काल मामाचा फोन आला. तो ती गोणी घेऊन दुकानात गेला होता. दुकानदार आधी ऐकेना. मग मामानं मोबाइलवरचे दोन आलेख शेजारी शेजारी दाखवले आणि म्हणाला, "उपग्रहाचं मशीन आहे, पुण्याहून आणेल. याच्यात पीक कमी आलं." पाच मिनिटांत गोणी बदलून मिळाली.

आता गल्लीतल्या सात जणांना आपापल्या गोण्या मोजून हव्या आहेत. मामा विचारत होता, वर सोडायच्या आधी एकदा येणं जमेल का.